एकच प्रतिजन, २१७ वेळा: एका अतिलसीकरणाचा प्रकरण अभ्यास

जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील एका ६२ वर्षांच्या गृहस्थाने स्वतःच्या मर्जीने आणि खासगी कारणांसाठी २९ महिन्यांत कोविड-१९ प्रतिबंधक लशीचे २१७ डोस घेतले. हे लसीकरण कोणत्याही वैद्यकीय चाचणीचा भाग नव्हते आणि त्या देशाच्या लसीकरणविषयक शिफारशींत ते कुठेही बसणारे नव्हते. २१७ हा आकडा त्या गृहस्थाच्या स्वतःच्या सांगण्यावरून आलेला आहे. त्यांपैकी १३४ डोसांची अधिकृत खात्री पटलेली आहे. फसवणुकीच्या संशयावरून तेथील सरकारी वकिलांनी चौकशी सुरू केली होती, तीत १३० डोसांचे पुरावे गोळा झाले, परंतु पुढे आरोपपत्र दाखल झाले नाही. चौकशीचा भाग इथेच सोडून देतो, कारण या लेखाचा विषय ते डोस का घेतले हा नसून, घेतल्यानंतर शरीरात काय झाले हा आहे.

वर्तमानपत्रांतील बातम्या वाचून एर्लांगेन-न्यूरेम्बर्ग येथील फ्रिडरिश-अलेक्झांडर विद्यापीठातील प्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांनी या गृहस्थाशी संपर्क साधला आणि तपासणीसाठी येण्याचे आमंत्रण दिले. त्याने ते उत्सुकतेने स्वीकारले. त्याच्या आधीच्या वर्षांतील रक्ततपासण्यांचे निकाल उपलब्ध होते, काही गोठवून ठेवलेले नमुनेही मिळाले, आणि अभ्यास चालू असतानाच त्याने स्वतःच्या आग्रहाने आणखी डोस घेतल्यामुळे त्या वेळचे रक्त संशोधकांना स्वतः काढता आले. निष्कर्ष मार्च २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

एकाच प्रतिजनाशी (प्रतिकारयंत्रणा ज्याला परका म्हणून ओळखते अशा घटकाशी) इतक्या वेळा आणि इतक्या थोड्या अंतराने गाठ पडलेला मनुष्य तपासायला मिळणे जवळजवळ अशक्य असते, कारण असा प्रयोग मुद्दाम करण्यास कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. म्हणूनच, एकाच माणसाची गोष्ट असूनही, हे प्रकरण बारकाईने पाहण्याजोगे आहे.

डोसांमधील अंतर

२९ महिन्यांत २१७ डोस म्हणजे सरासरी दर चार दिवसांनी एक. पण ही सरासरी फसवी आहे. ज्या १३० डोसांचे पुरावे सरकारी वकिलांना मिळाले ते नऊ महिन्यांच्या काळातले होते, म्हणजे त्या काळात जवळपास दर दुसऱ्या दिवशी सुई टोचली जात होती. लशीही एकाच प्रकारच्या नव्हत्या. एकूण आठ वेगवेगळ्या लशी त्याने घेतल्या आणि त्यांत उपलब्ध असलेल्या निरनिराळ्या एमआरएनए लशींचा (ज्या प्रथिन तयार करण्याची कृती पेशींना पुरवतात) समावेश होता. मात्र या सगळ्यांतून प्रतिकारयंत्रणेसमोर वारंवार येणारे प्रमुख प्रतिजन एकच होते, ते म्हणजे करोना विषाणूच्या पृष्ठभागावरील स्पाइक प्रथिन.

दोन डोसांमधील अंतर महत्त्वाचे का असते हे समजण्यासाठी नेहमीचा क्रम आधी पाहावा लागतो. प्रतिजन पहिल्यांदा शरीरात येते तेव्हा त्याला ओळखू शकणाऱ्या बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, अत्यंत तुरळक असतात. त्यांची निवड होऊन, त्या विभागून त्यांची संख्या वाढेपर्यंत आठवडाभर सहज जातो, आणि मग रक्तात प्रथम आयजीएम व नंतर आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिजनाला चिकटणारी प्रथिने, दिसू लागतात. तेच प्रतिजन काही महिन्यांनी पुन्हा आले तर प्रतिसाद दोन-चार दिवसांत उभा राहतो, तो कितीतरी जोरदार असतो, आणि त्यात सुरुवातीपासूनच आयजीजीचा वरचष्मा असतो. पहिल्या आणि दुसऱ्या भेटीतला हा फरक अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९२१ मध्ये घटसर्पाच्या विषावरील प्रयोगांतून स्पष्टपणे मांडला होता. बूस्टर डोसाची सारी कल्पना त्याच निरीक्षणावर उभी आहे.

या दोन भेटींच्या मधल्या काळात जे घडते ते लसीकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) घडते. दंडात टोचलेल्या लशीतील एमआरएनए आसपासच्या पेशींत आणि जवळच्या प्रतिकारपेशींत शिरतो, त्या पेशी काही काळ स्पाइक प्रथिन तयार करतात, आणि ते काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचते. लस घेतल्यावर काहींच्या काखेत दुखरी गाठ हाताला लागते, ज्याला आपण अवधाण म्हणतो, ती याच कामाची बाहेरून जाणवणारी खूण. ग्रंथीच्या आत ‘जर्मिनल सेंटर’ नावाच्या जागी बी-पेशी भराभर विभागत असतात आणि विभागताना आपल्या ग्राहीच्या (पेशीवरील, प्रतिजन पकडणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकात मुद्दाम चुका करत असतात. या चुकांचा वेग असा की प्रत्येक विभाजनात त्या जनुकाच्या हजार अक्षरांमागे साधारण एक अक्षर बदलते. शरीरातील इतर जनुकांच्या मानाने हा वेग जवळपास दहा लाख पट आहे. बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात आणि त्या पेशी मरतात. ज्या थोड्या पेशींचा ग्राही प्रतिजनाला आधीपेक्षा घट्ट धरतो, त्याच मदतनीस टी-पेशींकडून (टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) जगण्याचा संकेत मिळवतात. त्यांतल्या काही प्लाझ्मा पेशी होऊन अस्थिमज्जेत मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षे प्रतिपिंडे पाझरत राहतात. काही स्मृतिपेशी होऊन पुढच्या भेटीची वाट पाहतात.

ही निवड आटोपायला काही आठवडे लागतात. ती चालू असतानाच दर दुसऱ्या दिवशी नवा डोस येत राहिला, तर त्याला पुन्हापुन्हा झालेल्या भेटी म्हणावे की एकच लांबलेली भेट? माझ्या मते दुसरे वर्णन अधिक खरे आहे. लांबलेली भेट आपोआप वाईट असते असेही नाही. २०१९ मध्ये रीसस माकडांवर झालेल्या एका प्रयोगात एचआयव्हीच्या बाह्य प्रथिनाचा डोस एकदम न टोचता त्वचेखाली बसवलेल्या छोट्या पंपातून हळूहळू सोडला गेला, तेव्हा जर्मिनल सेंटरचा प्रतिसाद एकदम टोचलेल्या डोसापेक्षा सरस आढळला. पण तिथे अवधी होता काही आठवड्यांचा, इथे अडीच वर्षांचा.

अपेक्षित होते ते तीन धोके

या गृहस्थाचे रक्त तपासण्याआधी प्रतिकारशास्त्राच्या ज्ञात उदाहरणांवरून तीन प्रकारच्या बिघाडांची भीती वाटणे रास्त होते.

पहिला, टी-पेशींची दमछाक, आणि संशोधकांच्या मनातली मुख्य शंका हीच होती. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी यांच्या दीर्घकालीन संसर्गात विषाणू वर्षानुवर्षे शरीरात राहतो, आणि त्याच्याशी सतत झुंजणाऱ्या टी-पेशी हळूहळू मलूल होतात. त्या दिसायला जागेवर असतात, पण संकेतद्रव्ये कमी सोडतात, विभागत नाहीत आणि बाधित पेशी मारण्याची त्यांची क्षमता घटते. ही अवस्था प्रथम उंदरांमधील एलसीएमव्ही नावाच्या विषाणूच्या चिवट संसर्गात नीट उलगडली, आणि २००६ मध्ये असे दिसून आले की अशा पेशींच्या पृष्ठभागावरील पीडी-१ हा, पेशीला आवर घालणारा ग्राही अडवला तर त्यांना काही अंशी पुन्हा हुशारी येते. ज्या संशोधनामुळे तासुकु होंजो यांना २०१८ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला ते याच ग्राहीवरचे होते. कर्करोगावरील आजची अनेक औषधे तोच ब्रेक सोडवतात.

दुसरा धोका अतिसंवेदनशीलतेचा. वारंवार भेटीने शरीर सुरक्षितच होते असे नाही, हे पोर्तिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांना १९०२ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत कळून चुकले. समुद्रफूल या सागरी प्राण्याच्या विषाचा डोस आधी सोसलेला कुत्रा काही आठवड्यांनंतर अगदी थोड्या मात्रेनेही काही मिनिटांत दगावला. संरक्षणाच्या नेमके उलटे म्हणून त्यांनी या घटनेला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले, आणि १९१३ चे नोबेल रिशे यांना त्याबद्दल मिळाले.

तिसरा धोका नेमका याच्या विरुद्ध टोकाचा, म्हणजे सहनशीलतेचा. परागकणांच्या अर्काचे वाढत्या मात्रेने डोस देऊन अ‍ॅलर्जी शमवण्याचा उपचार १९११ पासून चालत आला आहे, आणि मधमाश्या पाळणाऱ्यांच्या रक्तात वर्षानुवर्षांच्या दंशांमुळे माशीच्या विषाविरुद्ध आयजीजी-४ या उपप्रकाराची प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात आढळतात. हा उपप्रकार प्रतिजनाला धरतो, पण दाह पेटवण्यात फारसा भाग घेत नाही. अ‍ॅलर्जीच्या बाबतीत हे वरदान आहे. विषाणूच्या बाबतीत ते तसेच असेल असे गृहीत धरता येत नाही.

तपासणीत काय आढळले

यांपैकी एकही बिघाड ठळकपणे दिसला नाही. त्या गृहस्थाने लशीशी संबंधित कोणताही दुष्परिणाम सांगितला नाही. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२३ या काळातील ६२ नेहमीच्या जैवरासायनिक घटकांच्या नोंदी तपासल्या असता अतिलसीकरणाला जबाबदार धरता येईल असा बिघाड त्यांत नव्हता. या नोंदींचे मोल असे की त्यांचा आरंभ पहिल्या डोसाच्या आधीचा आहे.

टी-पेशींच्या बाबतीत तुलना केली गेली ती तीन डोस घेतलेल्या २९ जणांशी. करोनाविरोधी कार्यकारी (प्रत्यक्ष लढणाऱ्या) टी-पेशी या गृहस्थाच्या रक्तात त्या गटापेक्षा जास्त होत्या, आणि त्यांचे काम त्या गटातील पेशींइतकेच चोख होते; थकव्याची चिन्हे त्यांच्यात मिळाली नाहीत. ज्यांच्यातून नव्या कार्यकारी पेशी तयार होतात त्या स्मृती टी-पेशींची संख्याही तुलनागटाइतकीच भरली. प्रतिपिंडांची पातळी तुलनागटापेक्षा बरीच वर होती. इतर रोगजंतूंविरुद्धची प्रतिकारक्षमता घटल्याचेही आढळले नाही, म्हणजे एका प्रतिजनासाठीच्या पेशींच्या गर्दीने बाकीच्यांची जागा बळकावली, असे झाले नव्हते.

माझे लक्ष सर्वांत जास्त वेधले ते एका छोट्या निरीक्षणाने: २१७ व्या डोसानंतरही प्रतिपिंडांची पातळी वाढली. दोनशे सोळा वेळा तेच प्रथिन पाहून झाल्यावरही यंत्रणेने त्याकडे काणाडोळा केला नाही.

करोनाचा संसर्ग झाल्याचा पुरावाही मिळाला नाही. इथे तपासणीतली एक खुबी उपयोगी पडली. एमआरएनए लशींतून केवळ स्पाइक प्रथिन मिळते, तर प्रत्यक्ष विषाणूबरोबर त्याचे न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनही येते. त्यामुळे न्यूक्लिओकॅप्सिडविरोधी प्रतिपिंडे रक्तात नसणे याचा अर्थ, स्पाइकविरोधी प्रतिपिंडांचा तो सारा साठा संसर्गातून आलेला नसून लशीतून आलेला आहे. या गृहस्थाच्या रक्तात ती नव्हती, आणि वेळोवेळी केलेल्या अँटिजेन व पीसीआर चाचण्याही नकारात्मक होत्या.

कमाल मर्यादा आणि थकवा यांतला फरक

आता मुख्य प्रश्न. प्रत्येक डोसाने प्रतिपिंडे वाढत असतील, तर २१७ डोसांनंतर त्यांची पातळी तीन डोस घेतलेल्यांच्या सत्तरपट का नाही? या प्रश्नाच्या उत्तरासाठी थकव्याची गरजच पडत नाही. आयजीजी प्रतिपिंडांचा अर्धायुकाल साधारण २१ दिवस असतो, म्हणजे साठा कितीही असला तरी त्याचा निम्मा भाग तीन आठवड्यांत नाहीसा होतो. बुडाला भोक असलेल्या टाकीत पाण्याची पातळी जितकी वर, तितकी गळतीही मोठी. म्हणून नळ सारख्याच धारेने सोडून ठेवला तरी एका उंचीला येणे आणि जाणे बरोबरीत येते आणि पातळी तिथेच थांबते. त्यापुढचा डोस पातळीला थोडा वेळ हिसका देतो आणि ती पुन्हा खाली सरकते. पातळी थांबली म्हणून यंत्रणा थकली असा अर्थ काढणे ही यातली सर्वांत सहज होणारी चूक आहे.

शिवाय नळाची धारदेखील कायम राहत नाही. रक्तात आधीच भरपूर प्रतिपिंडे असताना नवे प्रतिजन आले की ती त्याला तत्काळ चिकटतात, त्याचे ओळखीचे कोपरे झाकतात आणि त्याचा निचरा घडवून आणतात, त्यामुळे बी-पेशींच्या वाट्याला येणारे प्रतिजन कमी होते. बी-पेशींवर असा एक ग्राहीही असतो जो प्रतिपिंडाला चिकटलेले प्रतिजन पोहोचल्यावर पेशीला आवरते घ्यायला सांगतो. आधीच्या प्रतिपिंडांनी नवा प्रतिसाद दाबला जातो हे वैद्यकात अन्यत्र मुद्दाम वापरले जाते: तांबड्या पेशींवर आरएच घटक नसलेल्या (आरएच-निगेटिव्ह) मातेला आरएच-पॉझिटिव्ह बाळाच्या जन्मानंतर अँटी-डी प्रतिपिंडांचे इंजेक्शन दिले जाते, जेणेकरून बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्ध तिची यंत्रणा जागीच होऊ नये. हे इंजेक्शन नेमके कोणत्या वाटेने काम करते याबद्दल तज्ज्ञांत मतभेद असले तरी, तयार प्रतिपिंडांचा पुरेसा साठा समोर असेल तर नवे प्रतिपिंड बनवण्याची प्रेरणा मंदावते, हे तत्त्व पक्के आहे.

मग टी-पेशी का दमल्या नाहीत? दर दुसऱ्या दिवशी प्रतिजन म्हणजे दीर्घकालीन संसर्गच झाला की, असे वरवर वाटते. पण दोन्हींत एक मूलभूत भेद आहे. विषाणू स्वतःच्या प्रती काढतो, एका अवयवातून दुसऱ्यात पसरतो आणि टी-पेशी जिथे जातील तिथे त्यांना भेटतो. त्यांना उसंत अशी मिळतच नाही. लशीतला एमआरएनए स्वतःची प्रत काढू शकत नाही. तो टोचलेल्या जागेच्या आसपास आणि त्या बाजूच्या ग्रंथींत आपला ठरावीक काळ प्रथिन बनवून संपतो, आणि त्याला प्रथिन बनवण्यासाठी ज्या पेशी वापरल्या जातात त्यांनाही सज्ज टी-पेशी लवकर गाठतात. शरीराच्या उरलेल्या भागात फिरणाऱ्या टी-पेशींना मधल्या काळात स्पाइकचा मागमूस लागत नसावा, आणि त्यामुळे स्मृती टी-पेशींचा राखीव साठा शाबूत राहिला असावा. हा माझा तर्क आहे. ग्रंथींतील नमुन्यांवाचून तो सिद्ध करता येणार नाही. परंतु प्रतिजन किती वेळा आले यापेक्षा ते सलग किती काळ आणि शरीरात किती दूरवर टिकले, हे टी-पेशींसाठी निर्णायक असते, ही गोष्ट प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेल्या माहितीशी जुळते.

आयजीजी-४ बद्दल एक पुरवणी जोडायला हवी. एर्लांगेनमधील संशोधकांचाच सहभाग असलेल्या एका आधीच्या अभ्यासात असे दिसले होते की एमआरएनए लशीच्या दुसऱ्या डोसानंतर लवकरच स्पाइकविरोधी आयजीजीमध्ये आयजीजी-४ चा वाटा सरासरी ०.०४ टक्के होता, आणि तिसऱ्या डोसानंतर काही महिन्यांनी तो १९ टक्क्यांच्या वर गेला होता. म्हणजे केवळ तीन भेटींत प्रतिपिंडांची जात बदलू लागते. याचा अर्थ संरक्षण घटते असा लगेच काढता येत नाही, कारण विषाणूला पेशीत शिरण्यापासून अडवण्याचे काम आयजीजी-४ ही करू शकतो. तो कमी पडतो ते इतर प्रतिकारपेशींना हाक मारण्यात. पण वारंवार भेटीचा परिणाम मोजताना ‘किती’ इतकेच ‘कोणत्या प्रकारची’ हे विचारावे लागते. अतिलसीकरणाच्या चर्चेत हा दुसरा प्रश्न बहुतेक वेळा वगळला जातो, ही माझी तक्रार आहे.

या प्रकरणातून काय म्हणता येत नाही

संशोधकांनी स्वतःच स्पष्ट केले आहे की अतिलसीकरणाचा ते पुरस्कार करत नाहीत. तीन डोस आणि धोक्याच्या गटांना वेळोवेळी पूरक डोस हाच उपलब्ध पुराव्यांनुसार योग्य मार्ग आहे आणि त्यापेक्षा जास्त लशींची गरज असल्याचे काहीही दिसत नाही, असे त्यांनी २०२४ मध्ये म्हटले होते. संसर्ग न होण्याचे श्रेयही २१७ डोसांना देता येत नाही. हा मनुष्य किती लोकांच्या संपर्कात आला आणि किती जपून वागला हे रक्ताच्या नळीत दिसत नाही.

निष्कर्षांना असलेली सर्वांत मोठी मर्यादा रक्ताबाहेरची आहे. हा मनुष्य संशोधकांपर्यंत पोहोचला तो त्याच्या आकड्यामुळे, आणि तो आकडा गाठता आला तो मधल्या कोणत्याही डोसाने त्याला थांबावे लागले नाही म्हणून. वारंवार भेटीने ज्याच्या शरीरात अतिसंवेदनशीलता निर्माण झाली असती, दहाव्या डोसानंतर ज्याच्या अंगावर पित्त उठले असते, किंवा विसाव्यानंतर ज्याला श्वास घेणे जड गेले असते, त्याने लस घेणे तिथेच सोडले असते आणि त्याची बातमी झाली नसती. त्यामुळे ‘२१७ डोस घेऊनही काही झाले नाही’ या वाक्यातील ‘काही झाले नाही’ हा भाग त्या डोसांचा निष्कर्ष म्हणून वाचता येत नाही. तो भाग हे प्रकरण मुळात हाती येण्याची अट आहे.